आत्याची हलकी सायकल

आमच्या आत्याला अख्खं गाव 'डास' म्हणायचं. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढायचं आणि लॅबमध्ये पोचवायचं, हे तिचं काम. दारातून कुणी ओरडलं, "आला गं बाई डास!" की ती हसून म्हणायची, "हा डास सांगून चावतो. बाही वर करा."

दवाखान्यात ज्यांची शीर कुणाला सापडत नसे, त्यांची तिच्या नुसत्या बोटाला कळायची.

तिची सायकल लोखंडी, जुनी, भलतीच जड. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर एकदा वेग घेतला की ती झोकात चालायची, वजन आहे हे ध्यानातही येत नसे. पण लॅब होती टेकडीवर. चढ लागला की आत्याची दमछाक व्हायची. शेवटी शेवटी तर ती अर्ध्यातच उतरून सायकल ढकलत न्यायची, तीसुद्धा थांबत थांबत.

हे बघून माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, तिला नवी सायकल आणली. बारीक टायरांची, एका हातानं उचलता येईल अशी. "ताई, आता उडशील!"

आणि ती उडालीच. पहिल्याच दिवशी न उतरता चढ चढली आणि लॅबच्या खिडकीशी जाऊन डॉक्टरीणबाईंना ओरडून सांगितलं, "आज चालत नाही आले हो!"

थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. "नमुने खराब येताहेत. रक्तपेशी फुटल्यात. नमुन्यांची पेटी कुठे आपटली का?"

आत्याचा चेहरा उतरला. पेटी आपटली नव्हती, पण बाजारातला रस्ता दगडी फरशीचा. बारीक, टणक टायरांवरून प्रत्येक दगड तिच्या मनगटात घुसायचा आणि मागच्या कॅरियरवर बांधलेली पेटी थडथडत असायची. वेगाच्या आनंदात तिनं तिकडे कानाडोळा केला होता.

ज्यांचे नमुने वाया गेले, त्या सगळ्यांकडे ती स्वतः गेली. त्यांत अंथरुणाला खिळलेले एक शिंपीकाका होते, हात काडीसारखे. "काका, तुमच्या रक्तात खोट नव्हती. मी नेताना बिघडलं. पुन्हा टोचावं लागेल."

काका म्हणाले, "जन्मभर मी लोकांना मापासाठी परत परत बोलावलं. टोच बिनधास्त."

आत्या हसली, पण घरी आल्यावर जेवली नाही. बाबा हिरमुसून म्हणाले, "म्हणजे जुनीच बरी होती म्हण की."

"गप रे. चढाला हीच हवी. हिची खोड मोडू या."

सायकल दुरुस्तीवाल्यानं दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या. "ताई, जुनी मऊ चालते, ती जड आहे म्हणून नव्हे. तिचे टायर रुंद, हवा बेताची, सीटखाली स्प्रिंग. ते हिलाही जमेल." त्यानं नवीला बसतील तेवढे रुंद टायर चढवले, हवा कमी ठेवली. पेटी पाठीवर घ्यायची, म्हणजे धक्के हातापायांत जिरतील, ही युक्ती आत्याची.

पण खात्री कशी करायची? दुसऱ्याचं रक्त पणाला लावायला ती तयार नव्हती. तिनं दवाखान्यातल्या मैत्रिणीकडून स्वतःचंच रक्त काढून घेतलं, पेटी पाठीला लावली आणि मुद्दाम त्या दगडी रस्त्यावरून लॅब गाठली.

डॉक्टरीणबाईंनी नमुना तपासला. "एकही पेशी फुटलेली नाही. पण हे रक्त कुणाचं? या माणसाच्या अंगात रक्तच नाही!"

"अगं बाई! माझंच आहे ते."

"आणि तुम्ही चढावर सायकलला दोष देत होतात?"

आत्यानं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या वर केल्या, स्वतःची कधी केली नव्हती. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि ती वेळच्या वेळी जेवते की नाही यावर बाबा पहारा ठेवू लागले.

काही महिन्यांनी बाबा एकदा तिच्याबरोबर चढावर निघाले, आमच्या शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन. अर्ध्यात त्यांना धाप लागली. आत्या पुढे निघून गेली होती. वळणावर पाय टेकून तिनं मागे पाहिलं.

"ये हळूहळू," ती म्हणाली. "मी नमुने देऊन येते."