वेणीचा स्वेटर आणि विहीणबाई

विणकाम मी शिकले ते फौजी क्वार्टरमध्ये. शेजारीण हिमाचलची. तिला माझी मराठी कळायची नाही, मला तिची बोली कळायची नाही, पण सुया हातात घेतल्या की आमचं छान जमायचं. सुभेदार, म्हणजे आमचे हे, पेन्शनवर आले आणि आम्ही उंब्रजला कायमचे राहायला आलो. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "हितं कुठं एवढी थंडी हाय, कशाला ह्यो उद्योग?" थंडी नसली तरी हात आहेत की. रिकामे हात मला खपत नाहीत. रिकामं तोंडही खपत नाही, आणि त्या तोंडानंच मला या हिवाळ्यात गोत्यात आणलं.

मुलगी इस्लामपूरला दिलेली. सातवा महिना सरत आलेला. तिचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळं या खेपेला दोन्ही घरं जीव मुठीत धरून होती. पोरगी तर फोनवर बाळाचा विषयच काढायची नाही. तब्येत विचारली की "बरी आहे", जेवलीस का म्हटलं की "जेवले". आणि एक दिवस आपणहून म्हणाली, "आई, एकही स्वेटर पोटावरून येत नाही बघ. मला एक विण ना. पुढून बटणांचा, आणि जाड जाड वेण्या पाहिजेत त्यावर." तिनं काहीतरी मागितलं याचंच मला एवढं वाटलं, की त्याच दुपारी कराडला जाऊन मी विटकरी रंगाची लोकर घेऊन आले.

वेणी अवघड नसते, पण ती माणसाला दुसरीकडं बघू देत नाही. निम्मे टाके तारेवर काढून पुढं धरायचे, मागचे आधी विणायचे, मग तारेवरचे. झाला पीळ. तार म्हणजे सायकलच्या चाकातली, टोकं घासून गुळगुळीत केलेली. ही युक्तीही त्या शेजारणीचीच. एखादा पीळ उलट्या बाजूला पडला तर तो चार बोटं वर गेल्यावर दिसतो, आणि मग मुकाट्यानं उसवावं लागतं.

आता माझी एक खोड सांगते. केलेलं काम दाखवल्याशिवाय मला ते झाल्यासारखं वाटत नाही. आमच्या दोन्ही घरांचा मिळून एक ग्रुप आहे, जावयानं लग्नात काढलेला. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी त्यावर फोटो टाकायची, वेणीचा, अगदी जवळून. कुणी अंगठा दाखवायचं, कुणी हात जोडायचं. माझी जाऊ न चुकता 'सुंदर' लिहायची, मग तो स्वेटर असो नाहीतर कुणाच्या दहाव्याचा निरोप. पोरगी नुसता एक हसरा चेहरा टाकायची. तेवढ्यानं मी भरून पावायची.

विहीणबाई कधीच काही लिहायच्या नाहीत, पण बघायच्या सगळं. उसाचं मोठं रान आणि घरचा सगळा कारभार त्या एकट्या बघतात. बोलतात कमी, आणि बोलल्या की त्यावर कुणी बोलायचं नसतं. आमच्यात पोटातल्या लेकरासाठी आधी काही करत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, पाळणा नाही. लेकरू हातात आलं की मग काय ती हौस. पहिल्या खेपेला जावयानं गुपचूप दोन झबली आणून कपाटात ठेवली होती. त्या झबल्यांचं विहीणबाईंनी पुढं काय केलं, हे कुणी विचारलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी कुठं बाळाचं विणत होते? फक्त स्वेटर कुणाचा हे ग्रुपवर लिहायचं मला सुचलं नाही, आणि पोरीनंही घरी सांगितलं नव्हतं. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, मी बाही घेतली. बाही मनगटाकडून चढवतात. नुसती बॉर्डर आणि त्यावर बारीक वेणीची सुरुवात, तळहाताएवढं काम. टाकला फोटो आणि भाकरी थापायला बसले. तेवढ्यात माझ्या जावेनं लिहिलं, 'अगंबाई, बाळाचा स्वेटर! किती गोड.' झालं. पुण्याच्या मावशीपासून आटपाडीच्या मामापर्यंत सगळ्यांनी बदामांचा पाऊस पाडला. मी हात धुऊन फोन बघतेय तोवर विहीणबाईंचा फोन वाजला.

"ते उसवा," त्या म्हणाल्या. कशा आहात नाही, काय नाही.

"काय उसवू?"

"जे सगळ्या जगाला दाखवलंय ते. लेकरू अजून पोटात हाय. एकदा झालं तेवढं पुरं न्हाई का?"

हा तुमच्या सुनेचा स्वेटर आहे, एवढं एक वाक्य बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. पण पहिलं लेकरू जणू माझ्यामुळं गेलं, असा तो सूर होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आधी चष्मा लावा आणि मग फोन करा," मी म्हणाले. "त्या बाहीत तुमच्या सुनंचा हात जाणार हाय, बाळाचा न्हाई."

"आता सारवासारव नगा करू," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग मी ती बॉर्डर सुभेदारांच्या मनगटावर गुंडाळली, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.' सुभेदार म्हणत होते, "नको गं टाकू. राग आला की आधी बंदूक खाली ठेवावी." मी कुठली ठेवतेय. भाकरी करपायच्या आत जावयाचा फोन आला, विहीणबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या. त्या दिवसापासून पोरीचा हसरा चेहराही बंद झाला. ती बिचारी दोघींच्या मधे सापडली होती.

फोटो टाकणं मी सोडलं, विणणं नाही. दुसरी बाही झाली, शिवण झाली, गळ्याची पट्टी तेवढी राहिली. आणि एका सकाळी जावयाचा फोन. बीपी वाढलंय, अंगावर सूज आहे, सांगलीत दवाखान्यात ठेवलंय. बोलताना त्यांचा आवाज जागेवर नव्हता. मी स्वेटर, सुया, जे समोर दिसलं ते पिशवीत कोंबलं आणि आम्ही दोघं हायवेवर येऊन एसटीत बसलो.

कारखान्यांचे दिवस. पेठ नाक्याच्या पुढं रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन दोन ट्रेलर, वाट म्हणून मिळत नव्हती. इस्लामपूर गेलं, आष्टा काही येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. सुभेदार खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांना उगाच टाकून बोलत होते, सकाळी आंघोळीला वेळ लावला म्हणून. ते एका शब्दानं उलट बोलले नाहीत. त्यामुळं मला जास्तच भीती वाटायला लागली.

दवाखान्यात पोरीला जेमतेम बघू दिलं. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, हातातल्या बांगड्या कापून काढलेल्या. मी पिशवीतून स्वेटर वर काढला. तिनं वेणीवरून बोट फिरवलं. "झाला?" म्हणाली. "गळा राहिलाय," मी म्हटलं. तेवढ्यात नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर एकच बाकडं. एका टोकाला विहीणबाई, दुसऱ्या टोकाला मी. जावई आणि सुभेदार औषधांच्या दुकानाकडं गेले होते. विहीणबाई माझ्या मांडीवरच्या स्वेटरकडं बघत होत्या. तो कुणाच्या मापाचा आहे, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, चुकलं माझं.

"ती बाही उसवा," त्या म्हणाल्या.

"आता तरी बघा की. तुमच्या सुनंचा हाय ह्यो."

"कुणाचा का असंना. बाळाचा म्हणून साऱ्या पैपावण्यांनी बघितलीय ती बाही. बाळाचा म्हणून बोलल्यात. ती तेवढी उसवा."

"न्हाई उसवणार. माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई. ती हौसेनं मागून घेतीय माझ्याकडनं, आणि मी ते फाडू?"

त्या दाराकडं तोंड करून बसल्या. मीही तोंड फिरवून बसले. मग डॉक्टरीणबाई भराभरा चालत आल्या. जावई नेमके तेव्हाच जिना चढून वर येत होते. त्या त्यांना म्हणाल्या, बाळाचे ठोके कमी होतायत, आता थांबता येणार नाही, दोघांच्याही जिवाला धोका आहे, लगेच सिझर करावं लागेल. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. वर लाल दिवा लागला.

आणि मी बाही हातात घेतली. विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण आत माझी पोरगी होती, आणि तिचं लेकरू होतं, आणि मला दुसरं काहीही करता येत नव्हतं. मी भ्याले होते, एवढंच खरं. कात्री नव्हती. शिवणीचा धागा दातानं तोडला, बाही खांद्यापासून सोडवली आणि वरच्या टोकाकडून ओढायला लागले. साधी वीण झरझर सुटते. वेणीशी आलं की दर पिळापाशी लोकर अडायची. हिसका दिला की पुढं. माझ्या पायाशी विटकरी लोकरीचं भेंडोळं व्हायला लागलं.

थोड्या वेळानं विहीणबाई बाकड्यावरून सरकत माझ्याजवळ आल्या. लोकरीचं टोक शोधलं आणि गुंडाळायला लागल्या. मी ओढत होते, त्या गुंडाळत होत्या. बाही संपली तेव्हा मी दुसऱ्या बाहीला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "ती तिची हाय."

दार उघडलं. मुलगी झाली होती. आधी रडली नाही, मग रडली, तीही मांजरीच्या पिलाएवढ्या आवाजात. काचेच्या पेटीत ठेवलंय, श्वासाला मशिनची मदत लावलीय, आजचा दिवस काढला पाहिजे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरगी औषधानं झोपली होती. तिचं बीपी अजून उतरलं नव्हतं. मागून नर्स आली. "मऊ टोपी आहे का एखादी? एवढ्या बारक्या बाळाचं डोकं उघडं राहिलं की ते गार पडतं."

जावई म्हणाले, आत्ता बाजारातून आणतो.

"नवी न्हाई चालायची," विहीणबाई म्हणाल्या. "पहिलं अंगाला लागंल ते जुनेर पायजे. वापरलेलं, धुतलेलं."

"आई, आता सांगलीत जुनं कापड कुठनं आणू?" जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं तोंड उघडणारच होतं, आणि त्या वेळी जे बाहेर पडलं असतं ते पुन्हा आत घेता आलं नसतं. पण विहीणबाई आपल्या हातातल्या गुंड्याकडं बघत होत्या.

"ही एकदा विणून उसवलीय न्हवं?"

"व्हय."

"मग जुनीच झाली की."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. त्या अगदी मनापासून बोलत होत्या, आणि गुंडा माझ्यापुढं धरला होता. गळ्यासाठी आणलेल्या सुया पिशवीत होत्याच. उसवलेली लोकर सरळ नसते, वेड्यावाकड्या लाटा असतात तिला, पण तिला वाफ द्यायला वेळ कुणाला होता. मी टाके घातले. इतकी वर्षं विणते, पण त्या साध्या सुलट-उलट टोपीत माझे टाके गळत होते. गळला की विहीणबाई नुसतं बोट ठेवून दाखवायच्या. त्यांना विणता येत नाही, पण भोक दिसतं.

टोपी कढत पाण्यात धुऊन, कडकडीत वाळवून द्या, असं नर्सनं सांगितलं. ती घेऊन विहीणबाई गच्चीवर गेल्या. सुभेदार नंतर सांगत होते, तिथं दोऱ्या होत्या, पण त्यांनी टोपी दोरीवर टाकली नाही. दोन्ही हातांच्या बोटांवर ताणून, उन्हाकडं धरून, वाळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग खाली येऊन नर्सच्या हातात दिली.

संध्याकाळी पोरीला खोलीत आणलं. शुद्धीवर होती. जावई म्हणाले, सगळं ठीक आहे, झोप तू. सुभेदार म्हणाले, सगळं ठीक हाय बाळा. मीही तेच म्हणाले. म्हणून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पहिल्या खेपेलाही आम्ही तिला हेच सांगितलं होतं, शब्द न् शब्द. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. तिनं बाळाचं काही विचारलं नाही. नुसतं पोटावरच्या चादरीकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"थंडी वाजतीय," ती म्हणाली. "आई, स्वेटर दे ना."

मी दिला. तिला टेकवून बसवलं, उजवा हात बाहीत घातला. डावा हात तिनं आपणच मागं नेला आणि तो खांद्यातून उघडाच बाहेर आला. ती त्या हाताकडं बघत राहिली.

"आई, ही बाही कुठाय?"

मी उगाच पिशवीत हात घालून चाचपायला लागले. कॉटच्या पायाशी विहीणबाई उभ्या होत्या.

"तुझ्या लेकीच्या डोक्यावर हाय," त्या म्हणाल्या. "टोपी केलीय तिची. आत्ताच काचंतनं बघून आले. घालून झोपलीय."

"लेक?" पोरगी म्हणाली, आणि त्या उघड्या हातानं तिनं सासूचा हात घट्ट धरला.