आजीच्या क्रूसाचं सोनं

आमच्या नगरच्या दुकानात येणारा प्रत्येक जण अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशीच बोलतो. भट्टीपाशी मी, फुंकणी माझ्या हातात, तरी विचारायचं काय, तर "अण्णा, जोडवी झाली का?" मी काय तिथे शोभेला बसलेय?

एकदा सावेडीच्या एक शिक्षिका आल्या. त्यांच्या आईचा सोन्याचा क्रूस झिजून पार कागदासारखा झाला होता. त्यांच्याकडे मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत क्रूस ओवतात. हाच आटवून मुलीच्या लग्नासाठी नवा घडवायचा होता. "लहान झाला तरी चालेल, पण दुसरं सोनं गुंजभरही मिसळू नका. पोरीला आजीनंच वाढवलंय," असं अण्णांना बजावून त्या गेल्या.

मी क्रूस मुशीत आटवला, कांब ओतली, ऐरणीवर घाव घातला आणि कड तडकली. अण्णांनी भिंग लावलं. "कुण्या मेल्यानं पूर्वी शिशाचा डाग देऊन सांधलाय. शिसं शिरलं की सोनं फुटणारच."

शिसं जाळून काढायला टाकणखार, सोरा घालून पुन्हा आटवलं. पुन्हा फुटलं. लग्न तोंडावर आलेलं. अण्णा म्हणाले, "अगं, आपल्यातलं सोनं घाल. वजन तेच, कस तोच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा चहावाला डोकावला. राग अण्णांचा नव्हता, त्या शिशाचा होता. म्हटलं, फूट किती फुटायचंय ते, मीही इथून हलत नाही. जेवण राहिलं, फुंकून फुंकून गाल भरून आले. आटवायचं, ठोकायचं, फुटलं की परत सोरा घालून मुशीत. शेवटी एकदाची कड शाबूत राहिली. खरं सांगते, रडूच आलं मला. मग तापवून मऊ करत, बेतानं ठोकत क्रूस घडवला. नखाएवढा झाला.

बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीनं क्रूस तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. बाईंनी सवयीनं अण्णांकडेच पाहिलं. "अण्णा, सगळं आईचंच आहे ना?"

अण्णांनी चष्मा काढला. "मला नका विचारू. मी तर सोनं बदल म्हणालो होतो. सोनार ती आहे, तिला विचारा."

दोघी माझ्याकडे वळल्या.

"सगळं आजीचंच आहे," मी म्हणाले.