सुटली म्हणजे सुटली

छापखाना चालवता चालवता माझे केस पिकले, पण अक्कल काही आली नाही. हे मला शिलाईवाल्या वहिनींनी दाखवून दिलं.

आमच्या मागच्या गल्लीत राहतात त्या. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं, सगळं घरी बसून. बाहेर पडायची सोयच नाही. नवरा परगावी नोकरीला, वर्षातून दोनदा तोंड दाखवणार. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन तासांत बाई जाऊन जाऊन जाणार कुठे? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तर या बाईंनी मशीनवर बसल्या बसल्या कादंबरी लिहिली.

कादंबरीतली बाईही घरात अडकलेली. शेवटचं वाक्य एवढंच: 'आणि एका सकाळी ती सुटली.'

एका प्रकाशन संस्थेच्या स्पर्धेला ती पाठवली. पहिली येणारी कादंबरी ते छापणार होते. सात महिन्यांनी पत्र आलं, नकाराचं. 'लेखन प्रामाणिक आहे, परंतु नायिकेच्या मृत्यूचे कारण स्पष्ट होत नाही.'

वहिनी पत्र घेऊन तडक माझ्याकडे.

"काका, मेली कुठे ती? घर सोडून गेली! चांगली जिवंत आहे!"

"मग 'निघून गेली' लिहा ना."

"तसं लिहिलं की लोक विचारणार, परत कधी येणार? आणि 'पळून गेली' म्हणायला तिने काय चोरी केलीय? सुटली म्हणजे सुटली. मी स्वतःच छापते. एकाला तरी कळू दे, ती जिवंत आहे."

तीनशे प्रती ठरल्या. आता माझा पराक्रम ऐका. वहिनींनी प्रुफं तपासून दिली आणि नंतर शेवटचं पान कॉम्प्युटरवरून उडालं. मी म्हटलं, चार ओळी तर आहेत, आपणच टाइप करू. केल्या. पुस्तकं बांधून वहिनींच्या घरी पोचवली. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि रंगच उडाला.

"काका, हे काय?"

'आणि एका सकाळी ती सुटली बिचारी.'

अरे देवा! माझी बोटं आपणहून लिहून मोकळी झाली होती. जन्मभर दुसरं ऐकलंय काय? कोणी गेलं की आपण हेच म्हणतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान बदलून देतो म्हणालो, तर ऐकेनात. "राहू द्या. मी खोडते."

मग काय, दोन काळी पेनं घेऊन मीही बसलो. तीन दुपारी आम्ही तीनशे 'बिचारी' खोडत होतो. सासूबाई पलंगावरून बघत. पहिली खोडलेली प्रत त्यांनी मागून घेतली, छातीवर उशी ठेवली आणि वाचायला लागल्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी पुस्तक मिटलं.

"काय गं, शेवटी गेली कुठे ती? खोली मिळाली का तिला?"

वहिनींचं पेन हातातच राहिलं. मग त्या हसल्या, पोरीसारख्या. "मिळाली आई. स्टेशनजवळ. एकटीची."

"बरं झालं बाई."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! परीक्षकांच्या डोक्यावरून गेलं ते म्हातारीला बरोब्बर कळलं.

"एक विचारू?" सासूबाई म्हणाल्या. "तिची सासू तिसऱ्याच प्रकरणात का मारलीस?"

वहिनींनी पेनाला टोपण लावलं.

"नाहीतर तिला निघता आलं नसतं, हेच ना?"

"गोष्ट आहे आई ती."

"गोष्टच आहे. मी कुठे नाही म्हणते? रागावले नाही गं. पण सांगून ठेवते, मला अजून जगायचंय."

"हो आई," वहिनी म्हणाल्या आणि पुढची प्रत उघडून खोडायला लागल्या.

मला तिथे बसवेना. गिऱ्हाईक आलं असेल असं काहीतरी पुटपुटत मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. मला पडता आलं.