अर्धा शब्द

सूनबाई घरूनच काम करते. संगणकाच्या काळ्या पडद्यावर दोन अक्षरं लिहून एक बटण दाबते, की उरलेला शब्द यंत्र आपणहून लिहितं. मी चौथी शिकलेला, तरी विचारलंच, "याला कसं कळतं गं, तुला काय म्हणायचंय ते?"

"मी शिकवलंय, बाबा. आधी कुठली कमांड, म्हणजे कुठला हुकूम लिहिलाय ते बघायचं आणि तिथे बसेल तेच सुचवायचं. फाइल हवी तिथे फाइल, नाव हवं तिथे नाव."

"हात्तिच्या! हे तर मी पन्नास वर्षं करतोय."

खरंच करत होतो. चारचौघांत बायको बोलायला लागली की, "तिला असं म्हणायचंय," म्हणून तिचं वाक्य मीच पुरं करायचो. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची जीभ अडते. आज सकाळपासून ती "पा... पा..." करतेय. मी पाणी दिलं, पाय चेपले, पांघरूण घातलं. प्रत्येक वेळी तिनं नाही म्हणून मान हलवली आणि शेवटी डोळे मिटून घेतले.

माझा गर्व तिथेच जिरला. पन्नास वर्षं जे मी पुरं केलं, ते तरी तिला म्हणायचं होतं का? तेव्हा विचारलं नाही. आता विचारतोय, तर तिला सांगता येत नाही.