मुलींची फायनल तेवढी पुढे ढकलली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि पहिली शिवी मी स्वतःलाच घालते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवीकोरी फौजदारीण. पट्टा इतका आवळायचे की धड श्वास घेता येत नसे. अक्कल मात्र सैल.

कांद्याचे भाव पडले म्हणून मंचरला रास्ता रोको पेटला होता. एसटीच्या काचा फुटल्या होत्या, बंदोबस्त सगळा हायवेवर. कळंबच्या कबड्डी स्पर्धेवर मी. दुपारी निनावी फोन आला : "आज पोरींच्या फायनलला दगडं पडणार हायेत."

मी काठी आपटत मैदानावर गेले. "वरून आदेश आहे" एवढंच सांगून मुलींची फायनल पुढे ढकलली. मुलांचे सामने चालू ठेवले! जणू दगड विचारून पडतो, मुलगा की मुलगी.

एका संघाची कर्णधार आडवी आली. वीस वर्षांची, चढाईत वाघीण. "मॅडम, राज्याची निवड करणारे आजच आलेत. खेळू द्या."

"तुझ्याच भल्याचं आहे," मी म्हणाले. काय थोबाड होतं माझं!

चौकीत चहा पिताना ट्यूब पेटली. फायनल खरं तर उद्या होती. उद्या बंद पुकारला म्हणून सकाळीच ती आजवर आणली, आणि फोन आला तेव्हा ते फक्त आयोजकांना ठाऊक. म्हणजे फोनवाला त्यांच्यातलाच.

एकेकाला आत घेतलं. प्रश्न एकच : सामना का थांबवला असेल? सगळे म्हणाले, "रास्ता रोकोमुळं." आयोजकांतलाच एक, त्या कर्णधार मुलीचा चुलता, म्हणाला, "दगडं पडणार व्हती म्हनून."

"दगडाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पाटील."

घाम पुसत त्याने तोंड उघडलं. "पोरीची सोयरीक जमलीय. पारगावचं पावणं पोरांच्या मॅची बघाय येनार व्हतं. ही चड्डीवर दिसली असती तर समदं मोडलं असतं. तुमी बी बाईमानूस, समजून घ्या."

बाईमाणूस! गडी पक्का होता. नवी फौजदारीण आधी मुलींनाच घरी धाडणार, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

खोटी खबर दिल्याची कारवाई केली. त्याला काय फरक पडला? वातावरण निवळून फायनल झाली, तोवर निवडवाले निघून गेले होते आणि मुलीचं लग्न उरकलं होतं. 'सुरक्षेच्या कारणास्तव' असं कागदावर लिहिण्याआधी पुढे आयुष्यभर मी विचारत आले : सुरक्षा कोणाची, आणि कोणापासून?

फायनलच्या दिवशी ती रेषेबाहेर उभी होती, हातभर हिरवा चुडा. मी माफी मागितली. मैदानावरची नजर न काढता ती म्हणाली,

"मॅडम, दगड लागला असता ना, तर आठ दिसांत बरी झाले असते मी."