अण्णांनी ऐकलेले जेरेडाइट

मागच्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी मी एका अमेरिकन तरुणाला मोबाईलवरून मराठी शिकवत असे. तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढलेला. भारतात काही महिने राहून गेला होता आणि मराठी त्याला मनापासून आवडत होती. त्याची एकच इच्छा होती: लहानपणी आईने सांगितलेली त्यांच्या धर्मग्रंथातली एक गोष्ट साध्या मराठीत सांगता यावी. म्हणून दर आठवड्याला तो एक पान लिहून पाठवायचा आणि मी ते दुरुस्त करायची.

गोष्ट जेरेडाइट नावाच्या प्राचीन लोकांची होती. आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला निघालेल्या माणसांच्या भाषा देवाने वेगवेगळ्या केल्या, त्या वेळची. काही कुटुंबांनी आमची भाषा तेवढी मोडू नकोस अशी विनवणी केली. देवाने ऐकलं. मग ही कुटुंबं गुरंढोरं, बियाणं, पाखरं, मधमाश्या असं सगळं घेऊन, कधी कुणी गेलं नव्हतं अशा रानातून निघाली.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, जामखेड तालुक्यातलं खर्ड्याजवळचं घर बंद करून माझ्याकडे नगरला राहायला आले होते. त्यांनी आणि आईने मिळून पंचवीस-तीस हंगाम ऊसतोड केली होती. आई गेल्यापासून अण्णांचं बोलणं 'जेवलो' आणि 'बरं हाय' एवढ्यावर आलं होतं. दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्या मुलाचं मराठी पुस्तकी होतं. एका रविवारी मी त्याचं वाक्य मोठ्याने वाचलं, "ते आपल्या परिवारासह अरण्यातून मार्गक्रमण करू लागले." भिंतीकडून आवाज आला, "म्हंजे चालत हुते, आसंच ना?"

मी म्हटलं, "हो अण्णा. चालत होते."

"मंग तसं लिही की."

तेव्हापासून ते पान मी आधी अण्णांना वाचून दाखवू लागले. ते उठून बसायचे. त्यांना अडचणी वेगळ्याच दिसायच्या. मधमाश्या कशात नेल्या? त्यांना वाटेत खायला काय? बियाणं ओलं झालं तर? गाभण गुरं किती होती? मी हे प्रश्न त्या मुलाला विचारायची आणि तो प्रामाणिकपणे म्हणायचा, "बाई, हे लिहिलेलं नाही."

"ज्यानं लिव्हलं त्यानं कधी बिऱ्हाड हलवलं नसंल," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "पर भाषेचं खरं हाय. तोडीला तिकडं गेलो की आमचं बोलनं ऐकून लोक हसायचे. तुझी आय म्हनायची, हसूंदे. आपन आपलंच बोलायचं."

आठ महिन्यांत आईचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला होता.

पुढे ते लोक समुद्राशी येतात आणि आठ होड्या बांधतात. होड्या वरूनखालून बंद, झाकण लावलेल्या भांड्यासारख्या घट्ट. आत उजेड नाही. वर्षाला थोडे दिवस कमी एवढा काळ ते पाण्यावर होते. मी हे वाचलं त्या दिवशी अण्णा दिवाणाच्या कडेला सरकून बसले. मग त्यांनी विचारलं, "तेवढ्या दिसांत बाया बाळंत झाल्या असतील ना?"

"झाल्याच असतील."

"त्येचं काय लिव्हलंय?"

मी पान पुन्हा पाहिलं. तसं काही नव्हतं.

"तुला ट्रक बंद पडल्याला आठवतो का?" अण्णांनी विचारलं.

मला आठवत होता. मी चार वर्षांची असेन. ऊसतोडीला निघालेली टोळी, ट्रकमध्ये पोती, भांडी, शेळ्या, डालग्यात कोंबड्या. दुपारी ट्रक थांबला. मला बाभळीखाली बसवून कुणीतरी हातात गुळाचा खडा दिला. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला होता. मी विचारलं तेव्हा शेजारची आजी म्हणाली होती, ट्रक बंद पडलाय. पन्नाशीला आले तरी माझ्या मनात तो बंद पडलेला ट्रकच होता.

"बंद न्हवता पडला," अण्णा म्हणाले. "तुला भाऊ झाला हुता. दीस भरलं नव्हतं. घटकाभर जगला. राहुरीच्या फुडं कालव्याच्या पुलापाशी पुरला त्येला. मंग ट्रक निगाला."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"तिनं तीन दिस कोपीत काढलं," ते म्हणाले. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. "चौथ्या दिशी मोळ्या बांधाया उसाच्या फडात आली. तोडायला मी, बांधायला ती. दोगं मिळून एक कोयता. ती नसंल तर कोयता आर्धाच, मजुरी बी आर्धीच. ती येताना दिसली मला. मी तिला माघारी जा म्हनलो न्हाई."

एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे वळले. त्या रविवारी मी शिकवणी घेतली नाही.

बुधवारी सकाळी उठले तर अण्णा धोतर नेसून, टोपी घालून दारात उभे होते. म्हणाले, "पूल बघून येऊ." मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि आम्ही राहुरीच्या पुढे प्रवरेच्या पट्ट्यात गेलो. कालवा सापडला. पूल नवा होता, रस्ता रुंद केलेला, बाभळ नव्हती. एका बाजूला ढाबा आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या कोप्या. अण्णा कालव्याच्या कडेने पुढे जात, माघारी येत. दोनदा एका जागी थांबले आणि दोन्ही वेळा मान हलवून पुढे गेले.

कोप्यांपाशी एक बाई भांडी घासत होती. पंचविशीची असेल, पोट पुढे आलेलं. तिने हाक मारली, "बाबा, काय हरवलंय का?"

"ल्योक," अण्णा म्हणाले.

तिला वाटलं आत्ताच कुणी पाण्यात पडलं. ती धावत आली. अण्णांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. ती पाथर्डीकडची होती. ऐकून तिने तांब्याभर पाणी आणलं.

"बाबा, हितंच कुठं तरी आसंल," ती म्हणाली. "तुमी हितंच हात जोडा."

अण्णांनी हात जोडले. मीही जोडले. त्या बाईनेही पदर सावरून जोडले. नंतर अण्णा खाली बसले आणि ओंजळीने तांब्यातलं पाणी मातीवर सोडलं. पाणी लगेच मुरलं.

उठताना त्यांनी तिला विचारलं, "कितवा म्हयना?"

"आठवा सरत आला."

"मोळ्या बांदू नको आता."

ती हसली. "मंग कोन बांदल, बाबा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या नवऱ्याचा मोबाईल नंबर घेतला आणि जवळच्या गावातल्या आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या सिस्टरना तिचं नाव नोंदवायला लावलं. सिस्टर त्याच दिवशी कोपीवर जाऊन तपासून आल्या. रक्त कमी निघालं. त्यानंतर अण्णा मला दर दोन दिवसांनी फोन लावायला सांगत. तिचा नवरा सुरुवातीला वैतागायचा. मग तोच लावायला लागला. एकदा म्हणाला, "बाबांना सांगा, टोळीतल्या बायांनी तिच्या मोळ्या वाटून घेतल्यात." हे ऐकून अण्णा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ फाटकाशी उभे राहिले.

तिला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या होत्या.

मधल्या काळात त्या अमेरिकन मुलाची गोष्ट शेवटाला आली होती. शेवट वाचायला मला नको वाटत होतं. ते लोक सुखरूप पैलतीरी लागतात, जमिनीवर डोकं टेकून रडतात, शेती करतात, राजे होतात. आणि कित्येक पिढ्यांनी आपसांत लढून पार संपतात. हे सगळं पाहून लिहून ठेवणारा एक जण कपारीत लपून राहिला, म्हणून ते कळलं. मी अण्णांना म्हटलं, हे राहू द्या, किनाऱ्याला लागले तिथेच थांबू.

"न्हाई," ते म्हणाले. "सगळं वाच. निम्मं सांगितल्यालं मानसाला झेपत न्हाई."

मी सगळं वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "त्या पोराला म्हनावं, चांगलं लिव्हलंस." मी तसं सांगितलं. त्याने मी शिकवलेल्या मराठीत विचारलं, "बाई, बाबांना माझ्याशी बोलायला चालेल का?"

मी मोबाईल अण्णांपुढे धरला. दोघे पंधरा-वीस मिनिटं बोलले. अण्णा आपल्या बोलीत आणि तो आपल्या पुस्तकी मराठीत. मधूनमधून दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं, तेव्हा ते पुन्हा सांगत. मी मध्ये पडले नाही.

होळीच्या आधी अण्णा म्हणाले की त्यांना गावाकडं जायचंय, घर उघडायचंय. मी त्यांना खर्ड्याच्या एसटीत बसवलं. खिडकीतून त्यांनी एवढंच सांगितलं की रविवारी फोन कर, पर शिकवनी झाल्यावर, त्या पोरानं नवं काय लिव्हलं ते सांगाया.