नव्या बोटीची पाहणी

ती घटना आजही आठवली की आधी माझे तळपाय गार पडतात, मग बाकीचं आठवतं. नोकरीत मी खून पाहिले, चाकू उगारलेल्या माणसासमोर उभा राहिलो, दंगलीत दगड खाल्ले. पण भीती म्हणजे काय, ते मला एका सकाळी भर उन्हात कळलं. तेव्हा माझ्यासमोर अकरा बायका मजेत हसत होत्या.

परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. जिंतूरच्या बाजूला आमच्या हद्दीत धरणाचं पाणी पसरलेलं होतं. चारठाण्याची जुनी देवळं पाहायला येणारी माणसं इकडेही वळतील, चार पैसे गावात येतील, म्हणून काठावरच्या गावाने सहलीसाठी एक बोट घ्यायचं ठरवलं. समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त गुरुजी. पाण्याचा जाणकार म्हणून एक म्हातारे मच्छीमार, ज्यांना सगळा गाव मामा म्हणायचा. आणि सुरक्षेसाठी मी.

गुरुजींनी मोठ्या कागदावर तीन कंपन्यांचे रकाने आखले. तळाची जाडी, फायबरचे थर, इंजिन, हमी, आणि आसनाखालचा फोम. आसनांच्या खाली बंद कप्पे असतात, त्यात फोम भरलेला असतो. बोटीत पाणी शिरलं तरी त्या फोममुळे ती बुडत नाही, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. पहिल्या कंपनीची बोट भक्कम, पण चार महिने थांबावं लागणार होतं. दुसरीची स्वस्त, पण एका थराने कमी. तिसरी नावाजलेली, आणि तिचा विक्रेता जवळचाच होता, आठवड्यात देतो म्हणाला. आम्ही तिसरी घेतली. खरं सांगायचं तर त्या बैठकीत रंग कोणता असावा यावर दीड तास वाद झाला आणि तळावर पाच मिनिटं बोलणं झालं. घर घेताना, जावई पाहताना आणि बोट घेताना माणसं असंच करतात.

बोट ट्रेलरवरून आली. निळी, चकचकीत, बाजूला कंपनीची पट्टी ठोकलेली. सगळे फोटो काढत होते, तेव्हा मामांनी बोटीच्या कुशीवर तळवा ठेवून जोर दिला.

"साहेब, अंग लय पातळ हाय हिचं," ते म्हणाले. "तेलाच्या डब्यावानी दबायलंय, बगा."

"आजोबा, हे नवीन तंत्र आहे," विक्रेता हसून म्हणाला. "लवचीक असतं."

सगळे हसले, मीही हसलो. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला आम्ही चार माहितीपत्रकं वाचून हसलो, याची लाज आजही वाटते.

मग बोट पाण्यात उतरवली आणि पाहणीचा अर्ज माझ्यापुढे आला. शेवटचा रकाना होता, 'आसनांखालील कप्पे आतून तपासले.' त्यासाठी डुलत्या बोटीत पाय ठेवून, वाकून, एक गोल झाकण उघडून आत बघायचं होतं. आणि मला पाण्याची भीती होती. उमेदवारीच्या काळात विहिरीवरच्या पंचनाम्यात माझा पाय शेवाळावरून घसरला होता. हवालदाराने केस धरून वर ओढलं, तोवर मी पोटभर पाणी प्यालो होतो. तेव्हापासून गुडघाभर पाण्यातही मी उतरत नसे. पण ठाणेदार पाण्याला भितो हे चारचौघांत सांगणार कसं? मी काठावरूनच रकान्यात 'होय' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी, सकाळची हजेरी नुकतीच झाली होती, तेव्हा ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक बाई होती, धापा टाकत बोलत होती.

"साहेब, त्या नव्या नावंत कोनाला बसू देऊ नका. आतमंदी फोम न्हाई. आमी आमच्या हातानं कापूस कोंबलाय."

"आम्ही म्हणजे कोण? कुठून बोलताय?"

"ते मंग इचारा. माझी लेक तिच्या बचत गटाच्या बायांसंगं आज त्या नावंत बसायली. पाया पडते साहेब, आधी पळा!"

फोन बंद झाला. खबरीबाबत माझा एक अनुभव आहे. खोटी खबर देणाऱ्याला वेळ असतो, तो सविस्तर बोलतो. खरी खबर देणारा घाईत असतो. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि जीप काढली. वाटेत गुरुजींना चार फोन लावले. पाण्यावर त्यांना रेंज नव्हती. मला राहून राहून तो रकाना आणि त्यातलं माझं 'होय' दिसत होतं. चालकाने माझा चेहरा पाहून विचारलं, "साहेब, पाणी देऊ का?" पाण्याचं नाव ऐकून मी त्याला जीप जोरात हाकायला सांगितली.

काठावर पोचलो तेव्हा बोट चांगली दूर गेली होती. अकरा बायका, गुरुजी आणि बोट चालवणारा. इंजिन बंद करून फोटो चालले होते, हसणं काठापर्यंत येत होतं. जीवरक्षक जॅकेटं तिकडे गावात गुरुजींच्या खोलीत व्यवस्थित रचून ठेवलेली होती. नवीन आहेत, मळतील म्हणून प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

मामा काठावर उभे राहून एकटक बोटीकडेच बघत होते.

"रोज थोडी थोडी खाली चाललीय ती," ते म्हणाले. "गुरुजीला दोनदा सांगितलं. ते म्हणतेत, नवी हाय, बसंल बेतात. आज तर तिचा काठ पान्याला टेकायलाय."

मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काय करायलाव साहेब? तुमी हाक मारली, वर्दी दिसली, की समद्या उठून उभ्या राहतेल. साहेब आले म्हनल्यावर बसून कोन राहतंय? त्या उठल्या की नाव पालथी."

मी उघडलेलं तोंड मिटलं. ते खरंच होतं. आमच्या भागात साहेब आला की माणूस उठतो. जेवत असला तरी उठतो, आजारी असला तरी कोपरावर उठतो. इतकी वर्षं तो मान मला गोड वाटत आला होता. त्या क्षणी कळलं की माझी एक हाक त्या सगळ्यांचा जीव घेऊ शकते.

"मग तुम्ही जा," मी म्हणालो.

"माझं ऐकत न्हाईत गुरुजी. तुमचं ऐकतेल. पन वर्दी काडा."

त्यांच्याकडे थर्माकोलचा तराफा होता, थर्माकोलचे तुकडे खताच्या पोत्यात भरून जाळ्याने आवळलेले. मच्छीमार त्यावर बसून जाळी टाकतात. मी वर्दीचा शर्ट, टोपी, पट्टा, बूट काढले. बनियनवरच राहून मामांचा पंचा डोक्याला गुंडाळला आणि त्या पोत्यावर बसलो. मागे दोराचं वेटोळं, दुसरं टोक काठावर माझ्या चालकाच्या आणि दोन माणसांच्या हातात. तराफा हलला आणि पाणी माझ्या मांड्यांना लागलं. मी डोळे मिटले. लहानपणी येत असलेली सगळी स्तोत्रं विसरलो होतो. फक्त 'आई, आई' एवढंच तोंडात येत होतं. मामा शांतपणे वल्हवत होते.

जवळ गेलो तेव्हा बोटीचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं होता. बायकांना वाटलं, मासे विकायला आलेत.

"मामा, मरळ हाय का?" एकीने विचारलं.

आणि गुरुजींनी मला ओळखलं. "अरे, साहेब! तुम्ही असे?" म्हणत ते अर्धे उठले. बोट एका बाजूला कलली आणि काठावरून पाण्याचा पदर आत आला.

"बसा, बसा!" माझा आवाज फुटला. मग मी तो खाली आणला. "बसा गुरुजी. कुणी उठू नका. मी सहज आलोय."

एका वयस्कर बाईने गुरुजींच्या सदऱ्याला हिसका देऊन त्यांना खाली बसवलं. "बसा म्हनायलेत ना साहेब, मंग बसा की गुमान!"

इंजिनच्या धक्क्याने काठ बुडेल म्हणून मामांनी चालवणाऱ्याला ते बंदच ठेवायला लावलं आणि दोर बोटीच्या कडीला बांधला. काठावरच्यांनी हळूहळू ओढायला सुरुवात केली. बायकांच्या घोट्यांना पाणी लागलं तशी एक तरणी सून रडायला लागली, दुसरी तिच्याकडे सरकायला लागली. तेव्हा मला जे एकमेव काम येतं तेच मी केलं. चौकशी.

"ताई, नाव सांगा. माहेर कोणतं? तिथं जायला एसटी कुठून मिळते? यंदा सोयाबीन किती निघालं?"

पोलिसाने प्रश्न विचारला की माणूस उत्तर देतो, हा आमच्या धंद्याचा पाया आहे. एकेक जण जागेवर बसून उत्तर द्यायला लागली. मी अकरा माहेरं विचारली. दातखीळ बसत होती, तरी विचारत राहिलो. अकराव्या उत्तराला तळ गाळाला टेकला. बायका एकेक करून उतरल्या, गुरुजी शेवटी. शेवटचं माणूस उतरल्यावर मी काठावर गुडघे टेकून ओकलो. बोट दुपारपर्यंत काठोकाठ भरून गाळात बसली.

विक्रेत्याला ठाण्यात आणलं. माणूस बिलकुल डगमगला नाही.

"कंपनीकडून सीलबंद आलीय साहेब. तुमच्या लोकांनी दगडावर आपटली असेल. आणि कप्पे आतून तपासल्याची तुमचीच सही आहे." त्याने अर्जाची प्रत टेबलावर सरकवली.

माझ्याच ठाण्यात, माझ्याच खुर्चीत बसून मी माझीच सही वाचली. फोन करणारी बाई अजून सापडली नव्हती. कप्पे फोडले तर, तुम्हीच भरलंत, म्हणायला तो मोकळा होता. मग ट्रेलरचालकाचा जबाब घेताना त्याच्या खिशातून एक पावती निघाली. बोट आणताना त्याने भाड्यासाठी सेलूच्या कापूस बाजाराजवळच्या वजनकाट्यावर ती तोलून घेतली होती. आम्ही बोट बाहेर काढली, तळातलं पाणी उपसून पुसून कोरडी केली आणि पंचांना नि विक्रेत्याला घेऊन त्याच काट्यावर नेली. वजन दोन क्विंटलहून जास्त वाढलेलं होतं.

काट्यावरच्या माणसाने चष्मा वर केला. "साहेब, फायबर पानी पीत न्हाई, फोम पीत न्हाई. पानी मारलेला कापूस मी रोज तोलतो. हिच्या पोटात कापूस हाय."

तिथेच, विक्रेत्यासमोर, पंचांसमोर, झाकणाला हात न लावता करवतीने आसन कापलं. आतून काळपट, सडका वास मारणारा, सरकी चिकटलेला कवडी कापूस निघाला, जिनिंगमध्ये टाकाऊ म्हणून बाजूला पडतो तो. पातळ तळातून झिरपलेलं पाणी त्याने पिऊन घेतलं होतं, पिळला तर धार लागत होती. विक्रेता मटकन खाली बसला. बोट त्याच्याच शेडमध्ये बनली होती, कंपनीची पट्टी तेवढी खोटी छापून ठोकलेली. शेडमधल्या मजूर बायकांचे जबाब घेतले तेव्हा फोन करणारी सापडली. तिची लेक म्हणजे बोटीत रडणारी ती तरणी सून. ही बाई कोर्टातही न घाबरता बोलली.

बोट कापली त्याच दिवशी मी डायरीत लिहिलं की कप्पे मी तपासले नव्हते आणि सही खोटी होती. विभागीय चौकशी झाली, शिक्षा झाली. विक्रेत्यालाही झाली. लोक म्हणतात, तुम्ही अकरा बायकांना वाचवलंत. मी म्हणतो, मी त्यांना आधी बोटीत बसवलं होतं.

या प्रकरणाने मला शिकवलं की जे पाहिलं नाही त्याच्यापुढे 'होय' लिहू नये, आणि भीती लपवली तर ती दुसऱ्याच्या गळ्याशी येते. पोहायला मी पुढे शिकलो. पन्नाशीत, मामांच्या हाताखाली, त्यांच्या शिव्या खात.

आता निवृत्त आहे. लग्नात, तेराव्याला, बसथांब्यावर अजूनही कोणी जुना माणूस मला पाहून उठायला लागतो. त्याने गुडघ्यावर हात टेकला की मी लांबूनच ओरडतो, "बसा, बसा, उठू नका!" लोक म्हणतात, साहेब निवृत्तीनंतर फार नम्र झाले. मी मात्र त्या उठणाऱ्याच्या पायाखाली जमीन आहे ना, एवढं आधी बघून घेतो.